दोन चुलींचा पास्ता

आमच्या घरात परीक्षा घ्यायचा अधिकार फक्त तात्यांना आहे. तात्या म्हणजे माझे वडील. ते सातवीपर्यंत शिकले, पण घरातल्या प्रत्येकाची परीक्षा तेच घेतात आणि निकालही तेच लावतात. मी बारामतीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे परीक्षा म्हणजे काय हे मला थोडंफार कळतं असा माझा समज होता. पण निकाल आधी लावून पेपर नंतर घेतात, हे मी घरीच बघितलं.

वडिलांविषयी असं लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनीच मला शिकायला पाठवलं. फी त्यांनी भरली, बसचा पास काढायला ते स्वतः आले होते. तरीही त्या शुक्रवारी जे झालं ते आठवलं की त्यांचा राग येण्याआधी त्यांची कीवच येते. आणि मग स्वतःची.

भवानीनगरच्या कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर आहे. रस्त्याच्या कडेला तात्यांनी दोन गाळे बांधलेत. एकात केस कापायचं दुकान चालतं. दुसरा दीड वर्ष रिकामा होता. त्याच्या शटरसमोर रोज सकाळी बसची वाट बघत वीस-पंचवीस पोरं-पोरी उभ्या असतात, कारखान्याची माणसं पाळी सुटली की तिथंच घोळका करून बोलतात, आणि चहा प्यायला मात्र सगळ्यांना अर्धा किलोमीटर चालावं लागतं. हे दीड वर्ष सगळ्यांना दिसत होतं. त्याचा विचार फक्त वहिनीनं केला.

वहिनी बारामतीची. लग्नाआधी दोन वर्षं ती तिथल्या एका कॅफेत कामाला होती. गिऱ्हाइकाला काय हवं ते लिहून घ्यायला नाही, आत, शेगडीपाशी. लग्न ठरताना आमच्याकडच्यांनी ही गोष्ट "मुलगी नोकरी करत होती" एवढीच सांगितली. नोकरी म्हटलं की बरं वाटतं. कढई म्हटलं की लोक पुढचं विचारतात.

त्या रविवारी तात्या ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. वहिनी चहा घेऊन गेली आणि चहा खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं. ती तात्यांना मामा म्हणते.

"मामा, रस्त्याकडंचा गाळा मला द्याल का? कॅफे टाकते."

"काय टाकती?"

"कॅफे. चहा, कॉफी, सँडविच, पास्ता. मला सगळं येतं करायला."

"च्याला कॅफे कशाला लागतो? टपरी म्हण की सरळ." तात्यांनी बशीत चहा ओतला. "आन् ते शेवटचं काय म्हणलीस?"

"पास्ता."

"त्यो शुक्रवारी करून घाल. खाऊन बघतो, मग ठरवू. दात बघितल्याबिगर मी बैल बी घेत न्हाय."

मी दारात उभी होते. मला वाटलं, वहिनीचा चेहरा पडेल. उलट ती आत आली ती हसतच. तिला वार मिळाला होता. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीला "बघू" म्हणतात, वार कुणी देत नाही.

सोमवारी संध्याकाळी मी कॉलेजातून आले तेव्हा ओट्यावर निमगाव केतकीकडचे एक खतवाले पाहुणे बसले होते. त्यांना इकडं दुसरं दुकान काढायचं होतं. मी आतल्या खोलीत ओढणी बदलत होते. खिडकी उघडी होती, आणि तात्यांना हळू बोलता येत नाही.

"गाळा तुमचाच, पाव्हणं. शब्द दिला. चावी शुक्रवारी न्या. जेवायलाच या."

"जेवायला काय इशेष?"

"सून कायतरी इलायती करून घालणार हाय. तिला बी गाळा पायजे म्हणं. या, गंमत बघायला."

दोघं हसले. पाहुण्यांचं हसणं लांबलं, मग त्यांना ठसका लागला, मग तात्यांनी मला हाक मारून पाणी मागितलं. मी पाणी नेऊन दिलं.

हे मी वहिनीला सांगायला हवं होतं. रात्र होण्याआधी, त्याच दिवशी. नाही सांगितलं. मंगळवारी ती वहीत काय काय आणायचं ते लिहीत होती, मी तिच्या शेजारी बसून कांदे सोलत होते, तेव्हाही नाही. मी स्वतःला सांगत होते की योग्य वेळ बघून सांगू. खरं कारण असं, की मी सांगितलं हे तात्यांना कळलं असतं, आणि पुढच्या वर्षी कॉलेजचा विषय निघाला की ते म्हणाले असते, बघू. तेवढ्या एका "बघू"ला मी घाबरले.

बुधवारी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. 'निर्णयप्रक्रियेत स्त्रीचा सहभाग' या विषयावर मी सात मिनिटं बोलले. हातवारे चांगले झाले असं परीक्षक म्हणाले. मला दुसरं बक्षीस मिळालं, स्टीलची पाण्याची बाटली. ती मी घरी आणून कपाटात कपड्यांच्या मागं ठेवली. कुणी "कशाबद्दल मिळाली?" असं विचारलं असतं तर मला तोंड उघडता आलं नसतं.

शुक्रवारी वहिनीनं सांगितलेलं सामान मी बारामतीहून आणलं. पास्त्याची दोन पाकिटं, चीज, लसूण, आणि चिकनचे सॉसेज. सॉसेज बर्फात घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यात बसवून, मांडीवर घेऊन मी एसटीतून आले. घरी आईनं डबा उघडून बघितला.

"हे कशाचं?"

"कोंबडीचं."

"कोंबडीला असला आकार कधीपासनं आला?"

आमच्याकडं मटण घरात शिजत नाही. स्वयंपाकघरात देव्हारा आहे. गोठ्याच्या पलीकडं पत्र्याखाली तीन दगडांची चूल आहे, मटण-कोंबडी तिथं होते. त्याची भांडी, पळ्या, ताटंसुद्धा वेगळी, तिथंच पोत्यात बांधून ठेवलेली. वहिनीला हे माहीत होतं, त्यामुळे तिनं सगळा पास्ता मागच्या चुलीवरच करायचं ठरवलं होतं. दोन वर्षांत ती त्या चुलीला सरावली होती. अडचण चुलीची नव्हतीच. तिनं आईकडं साय मागितली आणि तिथं गाडं अडलं.

"आत्या, वाटीभर साय घेऊ का? आन् अर्धा लिटर दूध."

"कशाला?"

"पास्त्यात घालायला."

"त्यात ती कांडकी घालायची न्हायत का?"

"घालायचीत की."

"मग न्हाय."

मटणाच्या भांड्यात दूध गेलं की म्हैस आटते, असं आई मानते. खाणाऱ्याच्या अंगावर कोड उठतं, असंही मानते, पण माणसाच्या अंगाची काळजी तिला दुसऱ्या नंबरची. आमची म्हैस व्याल्याला दोन महिने झाले होते आणि डेअरीला जाणाऱ्या दुधावर आईचा मान होता.

"आत्या, बिर्याणीत दही घालतातच की," वहिनी म्हणाली. "तुम्ही बी खाल्लीय, माझ्या लग्नात."

"ते बिर्याणीवाल्याच्या म्हशीचं हुतं."

"मग मी बारामतीहून पुड्यातलं क्रीम मागवते. ते आपल्या म्हशीचं नाही."

"कुणाच्यातरी म्हशीचं हायच की. तिनं काय केलंय आपलं?"

एवढ्या दोन वाक्यांत आईनं दोन्ही बाजूंनी दार लावलं. माझ्या कॉलेजात लॉजिक शिकवणाऱ्या सरांना तिच्यासमोर बसवायला हवं.

शेवटी तोडगा निघाला, आणि तो निघाला म्हणून आम्ही तिघींनी समाधान मानलं, हे आठवलं की मला आता हसू येतं. दुधाचं जे असेल ते घरात गॅसवर, मटणाचं जे असेल ते मागच्या चुलीवर. दोन्हींची गाठ फक्त ताटात पडायची. "ताटात काय करायचं ते करा, माझ्या भांड्यात न्हाय," आई म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. एरवी त्या उंबऱ्यावर कुणी बसलं तर ती ओरडते.

मी वहिनीच्या माहेरी हा पास्ता खाल्ला होता. तो खरंच चांगला होता, हे मी शपथेवर सांगेन. तिथं तिनं एकाच कढईत सगळं केलं. आधी सॉसेजचे तुकडे परतले, त्यांच्याच तेलात लसूण, मग दूध आणि साय, मग उलथन्यानं कढईचं बूड खरवडलं, आणि शेवटी उकडलेला पास्ता त्यात टाकून दोन मिनिटांत ताटं वाढली. "ह्याची सगळी चव बुडाला असते वन्सं," ती मला म्हणाली होती. ती मला वन्सं म्हणते, मी लहान असूनही, निम्मं मानानं आणि निम्मं चिडवायला. आता त्या चवीचं बूड गोठ्याच्या पलीकडं राहणार होतं आणि साय अलीकडं.

वहिनी घरात गॅसपाशी राहिली आणि सॉसेज माझ्याकडं आले. माझ्या हाताला चूल नाही, हेही मी कबूल करते. सरपण ओलं होतं म्हणून मी उसाचं पाचट घातलं. पाचट कसं पेटतं हे मी लहानपणापासून शेतात बघितलंय. कढईखाली पेटलं तेव्हा मात्र मी दचकून मागं सरले. जाळ कढईच्या कडेवरून आत आला, सॉसेजची कातडी फुटली, बाहेरून काळी झाली आणि आतून तशीच.

"वन्सं, जाळ कमी करा!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनी ओरडली.

"कसा करू?"

"पाचट ओढा बाहेर!"

मी पाचट ओढलं. जाळ विझला. मग पुन्हा पेटेना. म्हैस माझ्याकडं बघत उभी होती. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती रवंथ करत होती.

शेवटी जाळानं कसाबसा धीर धरला, तुकडे आतपर्यंत शिजले आणि सात वाजता दोन्हीकडं सगळं तयार झालं. पांढरा रस्सा मऊ होता, पास्ता हवा तसा शिजला होता. दादा, म्हणजे माझा भाऊ, ट्रॅक्टरखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. घरात काही ठरायचं असलं की त्याचा ट्रॅक्टर हमखास बिघडतो. वहिनीनं त्याला सांगितलं, मामांना म्हणा, आत्ता बसले तर बरं, हे थांबत नाही. त्यानं जाऊन सांगितलं की नाही कोण जाणे. पाहुणे आले पावणेआठला. मग ओट्यावर पाणी, मग चहा, मग युरियाच्या टंचाईवर चर्चा. जेवायच्या तोंडावर चहा मागणाऱ्या माणसांनी पुढं जाऊन चवीवर मत द्यायचं होतं.

तोवर पास्ता रस्सा पिऊन फुगला. वहिनीनं गरम पाणी घालून तो सैल केला. पुन्हा घट्ट झाला, पुन्हा पाणी घातलं. तिसऱ्यांदा तिनं नुसतं झाकण उचलून बघितलं आणि परत ठेवलं.

पंगत बसली. तात्या, पाहुणे आणि दादा. मी मागून सॉसेज आणले, वहिनीनं आतून पास्ता, आणि आईच्या नजरेसमोर दोन्हींची ताटात भेट झाली. पांढऱ्या गोळ्यावर काळे तुकडे. मला ते ताट वाढताना लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा वाटली.

तात्यांनी एक नळी बोटांत धरून उजेडाकडं केली. "ह्या ठिबकच्या नळ्या कापल्यात व्हय गं?"

"सोळा एमएमच्या दिसत्यात," पाहुणे म्हणाले.

"आन् हे उसाचं बेणं बघा." तात्यांनी सॉसेजचा तुकडा उलटा-सुलटा केला. "एक डोळ्याचं हाय का दोन डोळ्याचं?"

"डोळंच न्हायत, तात्या. ह्येची उगवण हुयाची न्हाय."

दादासुद्धा हसला. तो आधी ताटाकडं बघून हसला, मग वहिनीकडं बघितलं आणि खाली मान घालून जेवायला लागला. पाहुण्यांनी सगळं संपवलं आणि पुन्हा वाढून घेतलं. नावं ठेवत दोन ताटं खाल्ली. तात्यांनी अर्ध्यात भाकरी आणि ठेचा मागितला, भाकरीनं पांढरा रस्सा पुसून खाल्ला, आणि म्हणाले, "मीठ तेवढं बरं हाय."

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. ताटं रिकामी झाल्यावर तिनं विचारलं, "मामा, गाळ्याचं काय?"

तात्यांनी हात धुतले, तोंड पुसलं. त्यांना वेळ घ्यायला आवडतं.

"आता तूच सांग. असलं खाऊन गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यील का? मी म्हणलं हुतं, खाऊन ठरवू. खाल्लं. ठरलं." मग त्यांनी कोपरीच्या खिशातून चावी काढली. "घ्या पाव्हणं. तुमीच उघडा आता दुकान."

वहिनी म्हणाली, "आज नीट झालं नाही, खरंय. माझं चुकलं कुठंतरी. मला आणखी एकदा..."

तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. ती खरंच शोधत होती, कुठं चुकलं ते. दूध किती, पाणी किती. मला तेवढंच सहन झालं नाही. गाळा गेला हे मी चार दिवस सहन केलं होतं.

"तात्या, गाळा तुम्ही सोमवारीच दिला होता," मी म्हणाले.

"कोण म्हणतंय?"

"मी ऐकलं. ओट्यावर. गंमत बघायला या, म्हणालात तुम्ही ह्यांना."

पाहुण्यांना एकदम बाहेर लावलेली मोटारसायकल आठवली. ते उठले, चप्पल शोधायला लागले. चावी मात्र त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. दादानं ताटात बोट फिरवलं. आई उंबऱ्यावरून उठून आत गेली आणि भांडं आपटल्याचा आवाज आला.

"कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय?" तात्या म्हणाले. आवाज मोठा होता, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. "पाव्हण्यांदेखत बापाला खोटं पाडायचं? गाळा माझा हाय. मी कुणाला बी दीन."

"मग तसंच सांगायचं होतं," मी म्हणाले. "पास्त्यावर कशाला घालता?"

इथं माझं धाडस संपलं. मला रडू आलं, म्हणून मी ताटं उचलून मागं गेले. व्यासपीठावर सात मिनिटं बोलणारीला घरात तीन वाक्यं पुरली.

मागं चुलीपाशी वहिनी राखेनं ताटं घासायला आली. मला वाटत होतं, खरं सांगते, की ती माझा हात धरेल. ती काहीतरी चांगलं बोलेल अशी मी वाट बघत होते.

"सोमवारी ऐकलं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन् आज शुक्रवार."

मी दुसरं ताट ओढून घासायला घेतलं.

"मंगळवारी माझ्याशेजारी बसून कांदे सोललेत तुम्ही. त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी पास्ता केलाच नसता. ह्या लोकांनी हसत-हसत खाल्लं नसतं. गाळा काय, जाणारच होता." तिनं ताट उलटं करून दुसऱ्या बाजूनं घासलं. "तुम्हाला आता फार बरं वाटत असंल ना, बोललात म्हणून?"

मला बरं वाटत होतं. थोडं. ते तिनं ओळखलं, याचंच मला सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतर वहिनीनं घरात कुणाला काही विचारलं नाही. तिनं जुन्या कॅफेत फोन केला आणि दादाला सांगितलं की सोमवारपासून मी बारामतीला कामाला जाते. "तात्यांना इचारलंस का?" असं दादा म्हणाला. "नाही," ती म्हणाली, "ते विचारायच्या आधीच ठरवतात." दादा ट्रॅक्टरकडं गेला.

खताचं दुकान सुरू झालं. नारळ फोडायला तात्याच होते. दुपारी वारा घराकडं वळला की खताचा वास आत येतो आणि आई नाकाला पदर लावून देव्हाऱ्यासमोर जास्तीची उदबत्ती लावते. म्हैस व्यवस्थित दूध देते. आणि केस कापायच्या दुकानात बसलेल्यांना तात्या सांगतात, "सून बारामतीला मोठ्या हाटेलात हाय." दाढीचा साबण लावलेली माणसं माना डोलवतात. त्यांच्यापैकी निम्मे जण रोज सकाळी तिला बससाठी उभी असलेली बघतात आणि काहीच विचारत नाहीत.

मीही त्याच बसनं जाते. पहिले पंधरा दिवस ती पुढं बायकांच्यात बसायची आणि मी मागं. तिच्या पिशवीत डबा असतो आणि एप्रन असतो. काल गर्दी होती, माझ्याशेजारची एकच जागा रिकामी होती, म्हणून ती बसली. मी बराच वेळ शब्द जुळवत होते. शेवटी जुळवलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, "वैनी, चुकलं माझं."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं."

मग तिनं पिशवी मांडीवर नीट घेतली, मला थोडं सरकायला सांगितलं, आणि बारामतीचा स्टँड येईपर्यंत डोळे मिटून बसली.